सहा पॉइंट आठ

माणसाच्या शरीरातल्या अवयवांतही मानाचे आणि बिनमानाचे असे दोन वर्ग आहेत. हृदयावर कविता होतात, डोळ्यांवर गझला होतात, नाकावर तर अख्ख्या घराण्याची अब्रू टांगलेली असते. पाठ दाखवणं वाईट, पण निदान पाठीला वाक्प्रचारात जागा आहे. प्रोस्टेटला मात्र मराठी भाषेने आजवर एक साधी म्हणसुद्धा दिलेली नाही. शास्त्रीय पुस्तकात तिला ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते एखाद्या जुन्या पोथीचं नाव वाटलं होतं. ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळात निम्मे लोक तिला ‘प्रोस्ट्रेट’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘साष्टांग दंडवत घातलेला’ असा होतो, हे मास्तरांनी सांगितल्यापासून मला ती चूक चूक वाटेनाशी झाली आहे.

तर ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला मफलरसारखी वेढून बसलेली असते. तरुणपणी अक्रोडाएवढी. पगारवाढ थांबायच्या सुमारास हिची वाढ सुरू होते. मफलर आवळत जातो आणि रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या गृहस्थाबद्दल घरचे लोक ‘हल्ली यांची झोप उडाली आहे’ असं पाहुण्यांना सांगू लागतात. इथवर सगळं वयाला धरून आहे. माझंही इथवरच होतं.

पण गेल्या वर्षी पितृदिन आला. आमच्या लहानपणी पितृपंधरवडा होता, पितृदिन नव्हता. आणि त्या पंधरवड्यात काही मिळायचं ते पितर झाल्यावर. आता हयातीतच मिळतं. आमच्या सूनबाईंनी मला बहात्तर चाचण्यांचं एक ‘पॅकेज’ भेट दिलं. साठीच्या वरच्या पुरुषांना त्यावर सवलत होती. माझ्या वडिलांना मी एकदा धोतरजोडी दिली होती, ती त्यांनी आठ वर्षं वापरली. ही भेट आठ मिनिटांत संपली. सकाळी साडेसहाला एक मुलगा आला, त्याने चार बाटल्या रक्त घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला, “काका, चहा घेतला नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “गुड,” तो म्हणाला आणि गेला.

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पूर्वी रिपोर्ट पाकिटातून यायचा आणि घरातला कर्ता पुरुष तो एकटा वाचून कपाटात ठेवायचा. आता तो सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम येतो. त्यामुळे माझी साखर, माझं कोलेस्टेरॉल आणि माझी पुरःस्थ ग्रंथी यांवर जेवणाच्या टेबलावर खुली चर्चा झाली. एकाहत्तर चाचण्या हिरव्या होत्या. बहात्तरावी लाल होती. पीएसए : ६.८. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की चारपर्यंत ठीक.

“बाबा, हे काय असतं?” सूनबाईंनी विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत मोबाइलवर स्वतःच शोधलं. मग टेबलावर कोणी काही बोललं नाही. हिने माझ्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली. बायकोने न मागता पोळी वाढली की प्रकरण गंभीर आहे, हे चाळीस वर्षांच्या संसारात मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी तलावपाळीवर विषय काढला. आमच्या मंडळात डॉक्टर एकही नाही, त्यामुळे वैद्यकीय चर्चा मोकळेपणाने होते.

“ताबडतोब बायोप्सी,” कॅप्टन म्हणाले. ते कॅप्टन सोसायटीच्या क्रिकेट संघाचे. “बारा सुया घालतात. इकडे की तिकडे, सोक्षमोक्ष.”

“मुळीच नको,” मास्तर म्हणाले. “अमेरिकेत ही तपासणीच बंद केली आहे. बघूच नये. बघितलं की दिसतं.”

पुढे मला कळलं की दोघांचंही बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या सालांत. कॅप्टन १९९४ सालात होते आणि मास्तर २०१२ सालात.

अप्पा मात्र काही बोलले नाहीत. अप्पा आमच्यातले सर्वांत गमत्ये. त्यांना बारा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. छोटासा, मऊ स्वभावाचा कॅन्सर सापडला आणि घाबरून त्यांनी सांगितलं, ‘काढून टाका.’ काढून टाकला. तेव्हापासून अप्पा तलावाला फेरी मारताना स्वच्छतागृहांच्या हिशेबाने मारतात आणि त्यांच्या पिशवीत नेहमी एक जास्तीची पँट असते. इतर आम्ही त्या पिशवीबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशी सगळे पांगल्यावर अप्पा मला म्हणाले, “हे बघ, काढलं म्हणून मी वाचलो, की काढलं नसतं तरी वाचलो असतो, हे मला आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. तू घाई करू नकोस. आणि आळसही करू नकोस.”

घाई नको आणि आळसही नको, म्हणजे नक्की किती वाजता निघायचं, हे विचारायला मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत ही होतीच.

आमचे डॉक्टर हे आमच्या जुन्या डॉक्टरांचे चिरंजीव. वडिलांचा दवाखाना, वडिलांचं टेबल आणि वडिलांचीच एक सवय त्यांच्याकडे आली आहे. ते रिपोर्ट बघायच्या आधी माणसाकडे बघतात. त्यांनी माझा मोबाइल पालथा घालून ठेवला आणि प्रश्न सुरू केले.

“काका, रक्त दिलंत त्याच्या आधी महिनाभरात लघवीला जळजळ, ताप, काही?”

“जळजळ होती ना. तीन आठवड्यांपूर्वी. केमिस्टकडून गोळ्या आणल्या होत्या.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. “पुढे. प्रोस्टेटसाठी काही गोळ्या घेता? त्यातल्या काही गोळ्यांनी हा आकडा निम्म्यावर येतो आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. तीच गोळी कमी ताकदीची करून काही जण केसांसाठीही घेतात.” एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न स्वतःच रद्द केला. “घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर? वडील, भाऊ?”

“नाही,” मी म्हणालो.

“अहो,” ही म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या ‘अहो’मध्ये अकरा वर्षं होती.

माझा दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. २०१४ साली गेला. आधी दीड वर्ष त्याची कंबर दुखत होती. तेल झालं, पट्टा झाला, शेक झाला, कोणीतरी सांगितलेला काढा झाला. शेवटी हाडांचा फोटो काढला तेव्हा कळलं, की दुखणं कंबरेचं नव्हतंच. प्रोस्टेटमधून निघून ते हाडांत पोचलं होतं. अशा वेळी जो इलाज करतात तो पुरुषी हार्मोन बंद करण्याचा असतो. दादा तालमीतला माणूस, भारदस्त मिशीचा. त्याने मला हात धरून सांगितलं, “मस्कतला पोराला हाडांचा म्हणून कळव. जागा सांगू नकोस.” मी तसंच कळवलं. मग नातेवाइकांनाही तसंच सांगितलं. अकरा वर्षं एखादी गोष्ट तशीच सांगत राहिली, की ती आपल्याला स्वतःलाही खरी वाटू लागते. डॉक्टरांना मी खोटं बोललो नव्हतो. मला त्या क्षणी खरंच आठवलं नव्हतं.

हिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, “काका, सख्ख्या भावाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट. आता सांगा, त्या रक्त घेणाऱ्या मुलाने यातलं काय विचारलं?”

“चहा घेतलात का, एवढंच.”

“आणि चहाचा आणि पीएसएचा काडीचाही संबंध नाही. तो उपास साखरेच्या चाचणीसाठी.”

मग त्यांनी मला जो इतिहास सांगितला तो मी इथे माझ्या भाषेत देतो. पीएसए म्हणजे या ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. ते थोडं रक्तात झिरपतं. कॅन्सर असेल तर जास्त झिरपतं. पण ग्रंथी नुसती मोठी झाली तरी, तिला सूज आली तरी, लघवीत जंतू झाले तरीही ते जास्त झिरपतं. १९८६ साली अमेरिकेत या चाचणीला परवानगी मिळाली, ती ज्यांना कॅन्सर आहेच त्यांच्यावर नजर ठेवायला. १९९४ साली ती धडधाकट माणसांत कॅन्सर शोधायला वापरायची परवानगी मिळाली आणि एकच झुंबड उडाली. आकडा चारच्या वर गेला की सुया, सुयांत काही सापडलं की ऑपरेशन. प्रोस्टेटचे कितीतरी कॅन्सर इतके संथ असतात, की माणूस त्यांना बरोबर घेऊन जगतो आणि शेवटी भलत्याच कारणाने जातो. तेही सगळे शोधून काढले गेले. ज्या शास्त्रज्ञाने १९७० साली हा पदार्थ प्रथम दाखवून दिला, त्या रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या सरसकट वापरावर झोड उठवली. २०१२ साली तिथल्या तज्ज्ञमंडळाने सांगून टाकलं, की नकोच ही तपासणी, कोणालाच नको. मग पुढच्या वर्षांत तिथे रोग पसरल्यावरच सापडणाऱ्यांचं प्रमाण वाढू लागलं. २०१८ साली मंडळाने पुन्हा दार किलकिलं केलं. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं. सत्तरीनंतर मात्र नको.

हे ऐकताना मला आमच्या बँकेचा सायरन आठवला.

१९८७ साली मी एका आडगावच्या शाखेत होतो. वरून हुकूम आला आणि तिजोरीच्या खोलीला सायरन बसला. पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला तो वाजला. अर्धा गाव काठ्या घेऊन आला, मॅनेजरसाहेब बनियनवर आले, किल्ली घाईत सापडेना म्हणून फौजदारांनी दार फोडलं. आत एक मांजर होतं. दार दुरुस्तीचा खर्च मी स्वतः व्हाउचरवर लिहिला. दुसऱ्यांदा वाजला, पुन्हा दार फोडलं, पुन्हा मांजर. तिसऱ्यांदा वाजल्यावर कंटाळून शिपायाने सायरनची वायरच काढून ठेवली. गावाला शांत झोप लागली. दोन महिन्यांनी खरा चोर आला आणि शांतपणे चिल्लर नाण्यांच्या पिशव्या घेऊन गेला.

मग चौकशी झाली. काही म्हणाले आणखी मोठा सायरन आणा, काही म्हणाले सायरनच नको. शेवटी गावच्या गवंड्याने तोडगा काढला. त्याने भिंतीत वीतभर झरोका पाडला आणि त्याला जाळी बसवली. सायरन वाजला की आधी तो उंदीर-मांजराने वाजला का ते बघायचं, मग झरोक्यातून बॅटरी मारायची आणि आत माणूस दिसला तरच दाराला हात लावायचा. त्यानंतर त्या शाखेत एकही दार फुटलं नाही.

मी ही गोष्ट सांगितल्यावर डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, “काका, जगातल्या युरॉलॉजिस्टांना तुमचा गवंडी भेटायला तब्बल तीस वर्षं लागली! तो झरोका म्हणजे एमआरआय. पूर्वी आकडा वाढला की थेट सुया, त्याही अंदाजाने. आता आधी एमआरआय. त्यात संशयाची जागा दिसली तर नेमकी तिथे सुई. स्वीडनमध्ये २०२२ साली ताळा करून बघितला. या पद्धतीने निरुपद्रवी कॅन्सर उगाच सापडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. आणि जो सापडेल तो सौम्य असेल तर तो लगेच कापायचा नाही, त्याच्यावर पाळत ठेवायची. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेल्या लोकांचे तीन गट केले होते : ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती पाळत. पंधरा वर्षांनी, २०२३ साली, हिशेब लागला. तिन्ही गटांत शंभरातले साधारण सत्त्याण्णव जण या रोगाने गेलेले नव्हते.”

मला अप्पांची पिशवी आठवली. मी काही बोललो नाही.

“मग ही तपासणी करावी की नाही?” हिने विचारलं. चाळीस वर्षं माझ्यासारख्या हिशेबनिसाबरोबर काढल्यामुळे तिला शिल्लक काय ते लागतं.

“काकू, युरोपात एक लाख बासष्ट हजार पुरुषांना तेवीस वर्षं मोजलं. २०२५ साली आकडे आले. ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांच्यात या रोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. चारशे छप्पन्न जणांना बोलावलं की एकाचा जीव वाचतो.”

चारशे छप्पन्नात एक. आकडा म्हणून बघितलं तर लहान. पण तो एक दादा असता तर, असं मनात आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. आणि उरलेल्या चारशे पंचावन्नांत एखादा अप्पा निघतो, हेही खरंच. तेव्हा ही तपासणी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा. सायरन चांगला की वाईट असं विचारण्यासारखं आहे ते. तो वाजायच्या आधी कोणी काय विचारलं आणि वाजल्यावर कोण कसं धावलं, यावर सगळं आहे. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहीम तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची आहे; प्रोस्टेटची नाही. त्यामुळे आपल्या वाट्याला एक तर पॅकेज येतं किंवा काहीच येत नाही. दादाच्या वाट्याला काही आलं नाही, माझ्या वाट्याला पॅकेज आलं. समोर बसून पाच मिनिटं प्रश्न विचारणारा माणूस दोघांच्याही पॅकेजात नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. दीड-दोन महिने थांबून, जंतू गेल्याची खात्री करून पुन्हा रक्त दिलं. आकडा ६.८ वरून ५.१ वर उतरला. तरी भावाचा इतिहास होता म्हणून डॉक्टरांनी युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी हातमोजा चढवला. या तपासणीचं वर्णन मी करणार नाही. जर्मनीत पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात नुसत्या या तपासणीने फारसं काही हाती लागत नाही असंच दिसलं. पण आकडा वाढलेला असताना बोटाला काही गाठ लागते का ते तज्ज्ञ बघतात. लागली नाही. जिवावरचं बोटावर निभावलं ही म्हण कोणी केली असेल त्याला मी तिथे, अंगठे धरून वाकलेल्या अवस्थेत, मनोमन नमस्कार केला.

मग एमआरआय. त्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहायचं. आत जो आवाज होतो तो अनंत चतुर्दशीला दोन ढोलपथकं एकमेकांसमोर आल्यासारखा असतो. फरक इतकाच की नाचायला मनाई असते. निकाल असा लागला, की संशयाची जागा नाही. पाचांच्या मोजपट्टीवर मला दोन गुण मिळाले. शाळा सोडल्यानंतर पाचांपैकी दोन मिळाल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. ग्रंथी साठ घनसेंटिमीटर, म्हणजे अक्रोडाचं छान मोसंबं झालेलं. मोठ्या ग्रंथीतून जास्त पाझरणारच. युरॉलॉजिस्टनी ५.१ ला ६० ने भागून दाखवलं. ०.१५ च्या खाली आलं की बहुधा काळजी नसते, माझं ०.०८५ आलं. माझ्या आयुष्यात मी इतके भागाकार केले, पण हा पहिलाच माझ्या बाजूने आला. सुया टळल्या. दर वर्षी आकडा मोजायचा आणि तो कुठे चालला आहे ते बघायचं.

त्या रात्री मी मस्कतला फोन लावला. पुतण्या आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, की ज्याच्या वडिलांना झालं होतं त्याच्याशी हे बोलणं पंचेचाळिशीपासूनच व्हायला हवं. म्हणजे दोन वर्षं मी आधीच उधळली होती.

आधी मी हवा विचारली, मग पोरांची शाळा विचारली, मग पुन्हा हवा विचारली. समोर बसलेली ही म्हणाली, “अहो.”

“अरे,” मी म्हणालो, “तुझ्या बाबांना हाडांचा नव्हता. म्हणजे शेवटी हाडांत गेला, पण निघाला प्रोस्टेटमधून. त्यांनी मला सांगू नको म्हटलं होतं. मी अकरा वर्षं ऐकलं. त्यांचं ऐकायला नको होतं.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“काका,” तो म्हणाला, “मला इथे डॉक्टरांनी विचारलं होतं. दोनदा. घरात कोणाला आहे का म्हणून. मी नाही म्हटलं.”

दोघेही मग थोडा वेळ काही बोललो नाही. आमच्या घराण्यात ‘नाही’ हा शब्द किती सहज येतो, याचाच दोघेही विचार करत असू.

“मग आता काय करू?” त्याने विचारलं. “उद्या जाऊन टेस्ट करून टाकू?”

“उद्या जाऊन आधी डॉक्टरांना खरं सांग. प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं दे. मग ते आणि तू मिळून ठरवा,” मी म्हणालो. “आणि नुसत्या या टेस्टला जाणार असशील तर खुशाल चहा घेऊन जा.”